राखाडी शनिवारच्या तीन रजा : पुण्यातील एका शाखेतील नवरात्र-रंगांचे प्रकरण

शनिवार, 5 ऑक्टोबर 2024 रोजी आमच्या शाखेच्या हजेरी मस्टरवर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांच्या नावांपुढे रजा लागलेली होती. एकीने पोट बिघडल्याचे, दुसरीने मुलाच्या शाळेतील पालकसभेचे आणि तिसरीने घरी घट असल्यामुळे पाहुणे येणार असल्याचे कारण दिले होते. एकेक कारण सुटे पाहिले तर त्यात खटकण्याजोगे काही नव्हते, म्हणून मी तिन्ही अर्जांवर सही केली. त्या दिवशी नवरात्राच्या यादीतील रंग राखाडी होता, ही गोष्ट त्या तीन रजांशी जोडून पाहावी हे मला सुचले ते दसरा उलटल्यावर, सोमवार, 14 ऑक्टोबरला. पगारातून वळती करायच्या उचलींची नोंदवही मी त्या दिवशी तपासत होते. कंत्राटी तत्त्वावर काम करणाऱ्या, शाखेतील सर्वांत तरुण मुलीने 27 सप्टेंबरला तीन हजार रुपयांची उचल घेतली होती आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असा एकच शब्द लिहिला होता. पोट बिघडल्याचा अर्जही तिचाच होता.

पुण्याच्या मध्यवस्तीत, लक्ष्मी रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका पतसंस्थेच्या शाखेचे हे प्रकरण आहे. सतरा कर्मचाऱ्यांपैकी, मला धरून, अकरा स्त्रिया आहेत. त्यांत दोघी पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या आहेत आणि चहापाणी व साफसफाई पाहणाऱ्या एक मावशी आहेत. मी या शाखेची व्यवस्थापक म्हणून 2019 पासून काम पाहते. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव मी देत नाही. ज्यांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलण्याचे धाडस केले, त्यांची ओळख उघड होऊ नये एवढी काळजी घेणे माझ्याकडून देणे आहे.

फॅशनचा माणसांवर किती ताबा असतो, हा प्रश्न निघाला की बोलणारे बहुधा महाविद्यालयीन मुलामुलींकडे बोट दाखवतात. फर्ग्युसन रस्त्यावरची गर्दी, कॅम्पातील फॅशन स्ट्रीट, फाटक्या जीन्स, महागडे बूट अशी उदाहरणे लगेच पुढे येतात. या प्रकरणातील बहुतेक स्त्रिया मात्र तिशी ते साठीच्या दरम्यानच्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या, दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या आणि पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आहेत. आपण फॅशनच्या मागे आहोत असे यांतील एकीलाही वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने रंगांची यादी म्हणजे सण आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण मला तपासून पाहण्यासारखे वाटले.

यादीचा उगम सांगणे आवश्यक आहे, कारण शाखेतील निम्म्याहून अधिक जणींची ती देवीच्या पूजाविधीचा भाग असल्याची समजूत होती. नवरात्रात नऊ दिवस नऊ ठरावीक रंगांची वस्त्रे सर्वांनी नेसावीत, असा प्रघात आपल्या आज्यांच्या वेळी नव्हता. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी, त्यातही प्रामुख्याने ‘महाराष्ट्र टाइम्स’ने, रोजचा रंग जाहीर करून त्या रंगातील स्त्रियांची समूह-छायाचित्रे छापायला सुरुवात केली, लोकलचे डबे, कार्यालये, रुग्णालये आणि शाळा यांतून ती कल्पना पाहता पाहता सर्वदूर पोचली. यादी तयार करण्याची रीतही साधी आहे. रंग मुख्यतः वाराला बांधलेले आहेत : सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी आणि रविवार नारिंगी. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांपैकी रंग जोडले जातात. 2024 मध्ये घटस्थापना गुरुवारी, 3 ऑक्टोबरला होती, म्हणून पहिल्या माळेचा रंग पिवळा ठरला. 2025 मध्ये ती सोमवारी, 22 सप्टेंबरला आली, म्हणून त्याच पहिल्या माळेचा रंग पांढरा झाला. पहिल्या दिवसाची देवी दोन्ही वर्षी शैलपुत्रीच होती. देवीचा म्हणून एखादा रंग शास्त्राने ठरलेला असता, तर तो वाराप्रमाणे बदलला नसता. हे मी शाखेत समजावून सांगितले तेव्हा एक सहकारी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, मी तर सासूबाईंनाही रंग सांगून नेसायला लावते.”

आमच्या शाखेत हा प्रघात माझ्या आधीच आला होता. सुरुवातीला तिघी-चौघी ठरवून एका रंगात येत आणि दुपारच्या डब्याच्या वेळी एखादे छायाचित्र काढत. मी रुजू झाले त्या वर्षी मला हा उत्साह आवडला, आणि सर्वांना आधी कळावे या चांगल्या हेतूने मी यादी छापून सूचनाफलकावर लावली. त्या एका कृतीने काय बदलले, हे मला पाच वर्षे कळले नाही. फलकावर सुट्ट्यांचे परिपत्रक, व्याजदरांचा तक्ता आणि कामाच्या वेळा लागतात. त्यांच्या शेजारी, व्यवस्थापकाने लावलेला कागद हा आदेश म्हणूनच वाचला जातो. पुढे मुख्य कार्यालयाने शाखांमध्ये उत्तम समूह-छायाचित्राची स्पर्धा ठेवली आणि 2023 मध्ये आमच्या शाखेला स्टीलच्या डब्यांचा संच बक्षीस मिळाला. तेव्हापासून छायाचित्रात एखादी वेगळ्या रंगात दिसली, तर ती सगळ्यांचे बक्षीस घालवणारी ठरू लागली.

आता त्या तरुण मुलीचा हिशेब. तो तिने मला नंतर, मी उचलीबद्दल काहीही बोलणार नाही असे वचन दिल्यावर, स्वतः कागदावर मांडून दाखवला. तिचा मासिक मोबदला साडेचौदा हजार रुपये आहे. ती आंबेगावहून बसने येते आणि दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. 2024 च्या नवरात्रात रविवार वगळता आठ दिवस कामाचे होते. त्यांपैकी पिवळा, हिरवा आणि लाल हे तीन रंग तिच्याकडे होते. पांढरा, गडद निळा, गुलाबी, जांभळा आणि राखाडी हे पाच नव्हते. ती रविवारी, 29 सप्टेंबरला, तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून फिरली. दुकानांनी रंगांप्रमाणे गठ्ठे लावून ठेवलेले होते, म्हणजे शोधावे असे काही लागले नाही. तिने चार साड्या घेतल्या. त्यांचे दोन हजार दोनशे झाले, फॉल-पिकोचे चारशे, आणि चारही साड्यांवर चालेल असा सोनेरी रंगाचा तयार ब्लाउज साडेतीनशेला पडला. वेगवेगळे ब्लाउज शिवून घेणे तिला शक्यच नव्हते, कारण अस्तरासह एका ब्लाउजची शिलाई साडीएवढीच होते आणि त्या दिवसांत शिंप्याकडे गेले तर दसऱ्यानंतरची तारीख मिळते. दोन हजार नऊशे पन्नास खर्च झाले, उरलेल्या पन्नासांच्या बांगड्या आल्या, आणि राखाडी साडीला पैसे उरले नाहीत.

म्हणून तिने शनिवारी रजा घेतली. ती कंत्राटी असल्यामुळे तिची रजा विनावेतन होती आणि एका दिवसाचे सुमारे साडेपाचशे रुपये कापले गेले. तेवढ्यात राखाडी साडी आली असती. हे मी तिला दाखवले तेव्हा तिचे उत्तर तयार होते : साडीचे पैसे त्याच दिवशी रोख मोजावे लागले असते, कापलेला पगार महिनाअखेरीस दिसणार होता. रोख हातात नसलेल्या माणसाला दर वेळी हा महागडा मार्गच स्वस्त का वाटतो, हे पतसंस्थेत आयुष्य घालवलेल्या मला नव्याने सांगायला नको होते. तरीही माझ्याच शाखेत, माझ्याच फलकावरच्या कागदामुळे ते घडले होते, आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली आणि ती मला फार महत्त्वाची वाटली. 29 सप्टेंबरचा तो रविवार पितृपंधरवड्यातला होता; सर्वपित्री अमावास्या 2 ऑक्टोबरला होती. तिच्या घरी पितृपक्षात नवे कापड घेत नाहीत. आईला कळू नये म्हणून तिने साड्यांची पिशवी घटस्थापनेपर्यंत मैत्रिणीच्या कपाटात ठेवली. एका बाजूला घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नेम होता आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम वीस वर्षांचा प्रघात. त्यांच्यात प्रघात जिंकला. रूढीचा ताबा सुटला की माणूस मोकळा होतो, असे आपण धरून चालतो. येथे एक नियम मोडण्यासाठी दुसऱ्या नियमाचे बळ लागले, आणि दोन्ही वेळा मुलीला काहीतरी लपवावेच लागले.

पालकसभेचे कारण देणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. त्या लेखा विभागात वरिष्ठ आहेत, पगार चांगला आहे आणि त्यांच्याकडे उत्तम प्रतीची राखाडी साडी आहे. पण 2023 मध्ये त्या तीच साडी नेसल्या होत्या, बक्षिसाच्या छायाचित्रात त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि ते छायाचित्र वर्षभर शाखेच्या भिंतीवर होते. तीच साडी पुन्हा नेसली तर ती ओळखली जाईल, या विचाराने त्यांनी रजा टाकली. पालकसभा त्या दिवशी नव्हती. पहिलीला सर्वांसारखे दिसता येत नव्हते म्हणून ती आली नाही. दुसरीला स्वतःच्याच गेल्या वर्षीसारखे दिसायचे नव्हते म्हणून त्या आल्या नाहीत. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1904 मध्ये फॅशनविषयी लिहिताना हीच दोन टोके दाखवली होती : माणसाला चारचौघांत मिसळूनही जायचे असते आणि उठूनही दिसायचे असते, आणि फॅशन या दोन्ही गरजा एकाच कपड्यात भागवू पाहते. आमच्या शाखेत त्या दोन गरजांनी एकाच शनिवारी दोन माणसे घरी बसवली.

तिसरीकडे खरोखरच पाहुणे आले होते. माझ्या संशयाबद्दल मी तिची मनोमन क्षमा मागितली.

यानंतर मी आठवडाभर एकेकीशी स्वतंत्रपणे बोलले. समोरासमोर बोलताना जवळजवळ प्रत्येकीने ‘मजा येते, मॅडम’ असेच म्हटले. व्यवस्थापकासमोर याहून वेगळे उत्तर येणारही नव्हते. म्हणून मी दहा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहू नये असे सांगितले आणि दोनच प्रश्न विचारले. पुढच्या वर्षी तुम्हांला स्वतःला यादी हवी आहे का? आणि इतर नऊजणींपैकी कितीजणींना ती हवी असेल असे तुम्हांला वाटते? चिठ्ठ्या रोखपेढीच्या खिडकीजवळच्या सूचनापेटीत टाकायला सांगितल्या.

पेटी उघडली तेव्हा सहा चिठ्ठ्यांवर ‘नको’ होते, तीनवर ‘हवी’, आणि एकीने ‘हवी, पण रोज नको’ असे लिहिले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सहापेक्षा खाली कोणीच दिले नव्हते, आणि ‘नको’ लिहिणाऱ्या सहापैकी पाचजणींनी आठ किंवा नऊ असा आकडा लिहिला होता. म्हणजे जिला यादी नको होती, तिला आपण शाखेत जवळजवळ एकट्याच आहोत असे वाटत होते, आणि अशा सहाजणी एकमेकींच्या शेजारी बसून रोज एकाच रंगात कामावर येत होत्या.

हा आकडा पाहून मला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1951 मधील प्रयोग आठवले. रेघांच्या लांबीविषयीचा अगदी सोपा प्रश्न. गटातील बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचे उत्तर देतात आणि खऱ्या प्रयोगव्यक्तीला शेवटी उत्तर द्यावे लागते. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी, डोळ्यांना दिसत असलेले सोडून, गटाचे चुकीचे उत्तर दिले. या प्रयोगांचा एवढाच भाग बहुधा सांगितला जातो. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचे दोन निष्कर्ष पुढचे आहेत. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, की गटापुढे मान तुकवण्याचे प्रमाण खूपच कमी होते. आणि गटात केवळ एक माणूस खरे उत्तर देणारा निघाला, तरीही दडपण मोठ्या प्रमाणात ओसरते. पहिल्या निष्कर्षाचा प्रत्यय मला सूचनापेटीने दिला होता. दुसऱ्याचा उपयोग कसा करावा, हे ठरवायचे होते.

त्याआधी आणखी दोघींविषयी लिहिले पाहिजे, कारण दडपण सर्वांवर सारखे नव्हते. पिग्मी गोळा करणारी एक सहकारी दुचाकीवरून दिवसाला साठ-सत्तर दुकाने करते. तिचे उत्पन्न त्या दुकानदारांच्या आपुलकीवर चालते. नवरात्रात रंग चुकला की दर तिसऱ्या दुकानात “ताई, आज विसरलात का?” असे विचारले जाते आणि प्रत्येक ठिकाणी हसून उत्तर द्यावे लागते. तिने सरळ सांगितले की तिच्यासाठी साडीचा रंग हा धंद्याचा खर्च आहे. मावशींचे उत्तर मला जास्त लागले. त्यांना कधीच कोणी रंगात यायला सांगितले नव्हते. त्या सुनेच्या आणि शेजारणीच्या साड्या मागून नेसत आणि दोन साड्या तर त्यांनी जुन्या बाजारातून आणल्या होत्या. इतकी ओढाताण कशाला करता, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “फोटोत मी एकटी वेगळी दिसले, तर बघणारा म्हणंल, हिला कुणी विचारत नाही.” छायाचित्रात त्या कायम उजव्या कडेला, अर्ध्या दाराआड उभ्या असतात. ते मी नंतर सर्व छायाचित्रे काढून पाहिले.

शाखेत या प्रथेवर उघड टीका करणारी एकच अधिकारी होती. सगळ्यांनी मेंढरांसारखे एका रंगात यायचे, हे तिला पटत नसे, आणि ती मुद्दाम खणाची साडी नेसून येई. तिच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण खणाचा प्रवास पाहिला तर तोही विचार करायला लावणारा आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे हे कापड मुळात चोळीचे. महाराष्ट्रात ओटी भरताना खण दिला जातो तो त्यासाठीच. गेल्या काही वर्षांत त्याच्या साड्या, कुडते, पिशव्या, तोरणे आणि 2020 मध्ये मुखपट्ट्याही निघाल्या, यंत्रमागावरच्या नकला आल्या, आणि पुण्यातील प्रदर्शनांत खण नेसलेल्या स्त्रियांचा एक ओळखू येणारा वर्गच तयार झाला. यादी नाकारण्यासाठी आमच्या सहकाऱ्याला दुसऱ्या एका गटाचा कपडा आधाराला लागला. यात कमीपणा आहे असे मी मानत नाही. अंगावर काहीही न घालता कोणी समाजात वावरू शकत नाही, आणि जे घालू ते कोणत्या ना कोणत्या गटाची खूण होणारच. म्हणून ‘फॅशन पाळता की नाही’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. पाळण्यासाठी काय मोजावे लागते, हे विचारायला हवे. रजा, पगार, आईशी लपवाछपवी आणि अर्जावर खोटे कारण एवढे मोजावे लागत असेल, तर ताबा प्रमाणाबाहेर गेला आहे असे म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. आमच्या शाखेत तो गेला होता.

एवढ्यावर मी यादी कायमची बंद केली असती. तसे परिपत्रक लिहूनही ठेवले होते. ते मागे घ्यायला लावले आमच्या ज्येष्ठ रोखपालबाईंनी.

त्या सत्तावन्न वर्षांच्या आहेत. त्यांचे पती 2019 मध्ये वारले. त्यानंतर त्यांनी फिकट बदामी, फिकट निळा, राखाडी याखेरीज रंग वापरला नव्हता. कोणी सक्ती केली नव्हती. पुण्यात, सुशिक्षित घरात, आज अशी सक्ती कोणी तोंडाने करत नाही. याच शहरात एके काळी ब्राह्मण घरांतील विधवांना केशवपन करून लाल आलवण नेसावे लागे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो अशा स्त्रियांसाठी, आणि पुढे 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. आलवण गेले. तरी हिरवा रंग, हिरव्या बांगड्या आणि हळदीकुंकू ही सवाष्णीची लेणी ही समजूत इतकी टिकून आहे, की कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला आणि त्यानंतर राज्य शासनालाही इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे सांगावे लागले.

शुक्रवारी, 4 ऑक्टोबर 2024 रोजी रोखपालबाई गडद हिरव्या इरकलीत आल्या होत्या. मला ते लक्षातही नव्हते, कारण त्या दिवशी सगळ्याच हिरव्यात होत्या. त्यांनी मला माझ्या केबिनमध्ये येऊन, दार लावून, जे सांगितले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देते. “तुम्हांला वर्षभर कुठलाही रंग नेसता येतो, म्हणून यादी जाचते. मला पाच वर्षांपासून हिरवी नेसायची होती. घरातून निघताना जाऊबाईंनी पाहिलं. मी म्हटलं, ऑफिसचा रंग आहे, मॅडमनी यादी लावलीय. त्यावर त्यांना काही बोलता आलं नाही. यादी काढलीत, तर मी काय सांगू?”

ज्या कागदाने तरुण मुलीला खोटे बोलायला लावले, त्याच कागदाने या बाईंना एक खरी इच्छा, दुसऱ्याच्या आदेशाआड लपवून का होईना, पुरी करू दिली होती. नियमाचा जाच आणि नियमाची सावली या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने निर्माण होतात : सगळे करतात म्हणून कोणाला जाब द्यावा लागत नाही. जिला करायचे नसते, तिला न करण्याचा जाब द्यावा लागतो. जिला एरवी करायची मुभा नसते, तिला करण्याचा जाब त्या नऊ दिवसांपुरता माफ होतो. या प्रघाताच्या बाजूने बोलणारे रोखपालबाईंचे उदाहरण देतील, विरोधात बोलणारे त्या मुलीचे देतील, आणि दोघेही खरे असतील. मला मात्र दोघींबरोबर रोज काम करायचे होते.

2025 साठी आम्ही जे ठरवले ते फार मोठे नाही. फलकावर यादी लावायची नाही. मुख्य कार्यालयाच्या स्पर्धेत भाग घ्यायचा नाही. हे पत्राने कळवताना मला थोडी कटकट सहन करावी लागली. समूह-छायाचित्र खंडेनवमीच्या पूजेच्या वेळी एकदाच, ज्या त्या कपड्यांत काढायचे, आणि मावशींनी मध्यभागी बसायचे. सूचनापेटीतील दहा उत्तरे मी नावांशिवाय सर्वांना वाचून दाखवली. ‘नको’ सहा आहेत हे ऐकल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही, मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. या सर्व उपायांत तो वाचनाचा अर्धा तास सर्वांत परिणामकारक ठरला असे माझे मत आहे. आणि शेवटचे, पहिल्या दिवसापासून मी स्वतः यादीबाहेरच्या रंगात यायचे, म्हणजे जिला यायचे नाही तिला निदान एक सोबत मिळेल.

सोमवार, 22 सप्टेंबरला, पांढऱ्याच्या दिवशी, मी विटकरी रंगाची सुती साडी नेसून गेले. पाचजणी पांढऱ्यात होत्या, बाकीच्या नव्हत्या. तरुण मुलगी निळ्या कुडत्यात होती, आणि तो तिच्या रोजच्या वापरातला होता. राखाडी रंग त्या वर्षी 27 सप्टेंबरला, चौथ्या शनिवारी आला. त्या दिवशी शाखा बंदच असते, त्यामुळे मस्टरवरून आधीच्या वर्षाशी तुलना करण्याची संधी मिळाली नाही. उचलींच्या नोंदवहीत सप्टेंबरमध्ये दोन नोंदी होत्या. एक दवाखान्याची, एक मुलाच्या फीची. पिग्मीवाल्या सहकाऱ्याने सर्व दिवस रंग पाळला, आणि तिला दुकानदारांनी विचारायचे ते विचारलेच. तिच्यासाठी आम्ही काहीच बदलू शकलो नाही.

गुरुवारी, 25 सप्टेंबरला, संध्याकाळी रोकड मोजून झाल्यावर रोखपालबाई माझ्या टेबलापाशी रेंगाळल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सहीचे रजिस्टर पुढे केले आणि रजिस्टरकडेच पाहत विचारले, “उद्या तुम्ही हिरवी नेसणार आहात का?”

एकही दिवस यादी पाळायची नाही असे मी ठरवले होते आणि तसे सर्वांना सांगितलेही होते.

मी म्हटले, “नेसणार आहे. तुमच्या घरी विचारलं, तर माझं नाव सांगा.”

शुक्रवारी शाखेत हिरव्या रंगात आम्ही चौघी होतो. मावशी त्यांच्या नेहमीच्या चौकड्याच्या लुगड्यात होत्या, तरुण मुलगी पिवळ्या कुडत्यात होती, आणि रोखपालबाईंनी इरकलीवर हिरव्या काचेच्या बांगड्याही घातल्या होत्या; एकेका हातात दोन दोन.